टॅबलेट आणि मानेचे दुखणे

टॅबलेट म्हटले की आम्हा डॉक्टरांना गोळी आठवते. पण परवा आलेल्या हिशेबनीसांचे दुखणे वेगळ्याच टॅबलेटचे होते. टेबलावरचा संगणक विकून ते दिवसभर मांडीवरच्या टॅबलेटवर खतावणी लिहीत. मान आखडलेली, बोटांना मुंग्या.

डोक्याचे वजन सुमारे ५ किलो. मान वाकली की ते पेलताना स्नायूंवर ताण वाढतो. टॅबलेटमध्ये पडदा व कळफलक एकत्रच. पडदा वर घ्यावा तर हात अधांतरी, खाली ठेवावा तर मान वाकते.

मी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत ठेवून वेगळा कळफलक जोडायला सांगितले. "मग संगणकच बरा होता की!" ते म्हणाले. मोठ्या हिशेबापुरते मलाही तसेच वाटते. मुंग्या थांबल्या नाहीत किंवा हाताची पकड सैल झाली, तर मात्र लगेच तपासून घ्यावे.