अंगकाठी बारीक, तरी सावध!

"आमचं वजन अगदी प्रमाणात, आम्हाला कसला मधुमेह?" वेस्ट विंडसरमधील आपल्या मंडळींकडून मी हे नेहमी ऐकतो. याचे उत्तर पुण्यात सापडते.

केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'ने डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१!

रक्तातील साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते कमी आणि पोटावर चरबी जास्त, तर इन्सुलिनचे काम नीट होत नाही व साखर रक्तातच राहते.

म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशीयांसाठी तपासणीची मर्यादा बीएमआय २५ वरून २३ वर आणली. साडेपाच फूट उंचीला हे सुमारे १४२ पौंड होतात. पस्तिशीनंतर तर वजन कितीही असो, तपासणी करावीच.

तेव्हा वार्षिक तपासणीत 'ए१सी'बद्दल स्वतःहून विचारा. कंबर मोजा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा. पानात भाताची मूद लहान आणि उसळीची वाटी मोठी असू द्या.