सर्पदंशाविषयीचे समज आणि गावातील शिक्षक



जूनच्या मध्यास आपल्या शाळा उघडतात. त्याच सुमारास पहिल्या पावसाने जमिनीतील बिळे पाण्याने भरू लागतात. साप कोरड्या जागेच्या व भक्ष्याच्या शोधात गोठे, गंजी आणि घरे यांच्याकडे वळतात. माणसेही पेरणीच्या घाईत वेळी-अवेळी रानात वावरतात. पावसाळ्यात सर्पदंश वाढतात ते यामुळे.

ग्रामजीवनापुढील अडचणी म्हटल्या की रस्ता, पाणी, वीज यांची आठवण होते. परंतु काही अडचणी अशा आहेत की सोयी झाल्यावरही त्या टिकून राहतात, कारण त्यांचे मूळ समजुतींत असते. सर्पदंश ही त्यांपैकी एक होय. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली. दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा हा अंदाज आहे. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांच्या यादीत केला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट केवळ औषधांनी साधणारे नाही. रुग्ण औषधापर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे, आणि त्या वाटेवर आपली शाळा उभी आहे.

१. एक आठवण

नोकरीच्या आरंभीची गोष्ट आहे. मी एका आडगावच्या शाळेत होतो. चौथीतील एका मुलाला रात्री भुईवर झोपला असताना दंडाला काही चावले. सूज नव्हती, वेदनाही फारशी नव्हती. त्याला मारुतीच्या देवळात नेले. कडुनिंबाचा पाला चारला. मुलगा ‘कडू लागतो’ म्हणाला, आणि विष चढले नाही असे समजून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहाटे त्याचे पोट दुखू लागले. सकाळी मी गेलो तेव्हा त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या. रात्रभर जागल्याने झोप आली आहे, असे जमलेली मंडळी म्हणाली.

मला शंका आली होती. परंतु मी गावात नवा, वयाने लहान. वडीलधाऱ्यांच्या पुढे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. दुपारी मुलाचा श्वास अडखळू लागला, तेव्हा जीप बोलावली. मुलगा वाटेतच गेला. पुढे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सर्व चिन्हे ऐकून सांगितले की हा मण्यारीचा दंश होता. मण्यारीचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडते. जिभेची चव ते घेत नाही. म्हणजे पाला कडू लागणे हे निर्धोकपणाचे लक्षण नव्हतेच. हजेरीपत्रकातील त्या नावावर रेघ ओढताना जे वाटले, ते आजही विसरता आलेले नाही. हा लेख त्या मौनाची भरपाई आहे, असे म्हटले तरी चालेल.

२. मंत्र ‘लागू’ का पडतो?

ग्रामस्थांस अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यांचा विश्वास त्यांच्या अनुभवावर उभा आहे. मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसे खरोखरच बरी होतात. ती का, हे समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या दंशाने माणूस मरत नाही. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात सोडतोच असे नाही. समजा, दहा जणांना साप चावला आणि त्यांपैकी सात जणांच्या अंगी विष गेलेच नाही. हे सात जण मंत्र म्हटला तरी वाचणार, न म्हटला तरी वाचणार. त्यांचे श्रेय मांत्रिकास मिळते. उरलेल्या तिघांपैकी कोणी दगावला, तर ‘आयुष्याची दोरी तुटली’ असे म्हणतात. अशा रीतीने यश मंत्राच्या नावावर आणि अपयश दैवाच्या नावावर जमा होते. हिशेबातील ही चूक मुलांना दाखवून देणे, हे गणिताच्या शिक्षकाचेही काम आहे.

३. ओळखावयाचे चार साप

महाराष्ट्रात माणसांच्या मृत्यूस मुख्यतः चार साप कारण होतात.

नाग : फणा काढतो. दंशाच्या जागी वेदना व सूज येते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, शेवटी श्वास बंद पडतो.

मण्यार : निळसर काळा रंग, अंगावर पांढरे आडवे पट्टे. रात्री फिरते व भुईवर झोपलेल्यास चावते. दंशाच्या खुणा पुष्कळदा दिसतही नाहीत. लक्षणे काही तासांनी उमटतात.

घोणस : जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या रांगा, मोठा फूत्कार. हिचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडविते. हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाऊ लागते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

फुरसे : लहान आकाराचे, कोकणात विपुल. खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. त्याचेही विष रक्तावर परिणाम करते.

या चारही विषांवर एकच प्रतिसर्पविष लस चालते. घोड्यांना अल्प प्रमाणात विष टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिद्रव्यांपासून ती बनवितात. म्हणून उपचारासाठी साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून व रक्त गोठण्याच्या चाचणीवरून निर्णय घेतात. स्वच्छ कोरड्या काचनळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही, एवढेच या चाचणीत पाहावयाचे असते.

४. काही समज व वस्तुस्थिती

‘दंशाच्या वर घट्ट दोरी बांधावी व जखम कापून रक्त काढावे.’ हे आम्हीही एके काळी शिकलो आणि, सांगावयास संकोच वाटतो, मुलांना शिकविलेही. घट्ट दोरीने रक्तप्रवाह थांबून अवयव गमवावा लागतो. जखम कापल्याने रक्तस्राव वाढतो आणि घोणशीच्या दंशात तो थांबतही नाही. दोन्ही गोष्टी निषिद्ध मानल्या पाहिजेत. शिक्षकाने आपली चूक वर्गात कबूल केली, तर मुलांचा ज्ञानावरील विश्वास वाढतो.

‘सूज नाही, म्हणून विष नाही.’ मण्यारीने हा समज अनेकदा खोटा ठरविला आहे.

‘मूल लहान, म्हणून लस थोडी द्यावी.’ सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. म्हणून मुलांनाही मोठ्यांइतकीच लस दिली जाते.

‘लसीनेच माणूस थरथरतो, मग ती घ्यावी कशाला?’ काही रुग्णांना लसीची प्रतिक्रिया येते, हे खरे आहे. परंतु तिच्यावर दवाखान्यात उपाय असतो. विषावर मात्र लसीवाचून दुसरे औषध नाही.

‘साप डूख धरतो, दूध पितो, पुंगीवर डोलतो.’ सूड घेण्याइतकी स्मृती सापास नाही. दूध हे त्याचे अन्न नव्हे. त्यास बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या हालचालीकडे पाहून डोलतो.

५. प्रथमोपचार

रुग्णास धीर द्यावा. त्यास चालू वा पळू देऊ नये, कारण हालचालीने विष लवकर पसरते. अंगठी, बांगड्या, कडे, जोडवी तत्काळ काढावीत. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी किंवा पट्टी लावून हात-पाय स्थिर ठेवावा, मात्र आवळू नये. तोंडाने काही देऊ नये. ओकारी येत असल्यास कुशीवर निजवावे. दंशाची वेळ व दिसलेली लक्षणे कागदावर लिहून द्यावीत. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका येण्यास विलंब दिसल्यास दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून निघावे.

६. पाठाची रूपरेषा (इयत्ता चौथी व पाचवी, दोन तासिका)

पहिली तासिका : मुलांनी घरी ऐकलेल्या समजुती फळ्यावर लिहाव्यात. कोणाचीही थट्टा होऊ देऊ नये. त्यानंतर दहा चिंचोके घ्यावेत. तिघांस खडूची खूण करावी व ते पिशवीत टाकावेत. प्रत्येक मुलाने न पाहता एक चिंचोका काढून, वर्गाला दाखवून, परत टाकावा. खूण नसलेला निघाला तर रुग्ण वाचला. अर्ध्या मुलांनी काढण्यापूर्वी खोटा मंत्र म्हणावा, अर्ध्यांनी म्हणू नये. दोन्ही गटांत किती जण वाचले, याचा तक्ता करावा. वर्ग लहान असल्यास प्रत्येकाने पाच-सहा वेळा काढावे. निष्कर्ष मुलांनीच सांगावा.

दुसरी तासिका : मोजपट्टी व ओढणी घेऊन हात स्थिर ठेवण्याचा सराव करावा. गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतचा नकाशा काढून अंतर व लागणारा वेळ लिहावा. वाहन कोणाकडे आहे, रात्री हाक कोणास द्यावी, हेही लिहावे.

स्वाध्याय : घरातील किती जण भुईवर झोपतात? सरपण भिंतीलगत आहे काय? विजेरी कोठे ठेवली आहे?

७. शाळा आणि गाव

२०१९ साली केरळातील वायनाड जिल्ह्यात एका विद्यार्थिनीस वर्गातच साप चावला. दवाखान्यात पोहोचण्यास विलंब झाला आणि ती दगावली. आपल्या वर्गातील फरशीच्या फटी व बिळे शाळा उघडण्यापूर्वी बुजवावीत. पोषण आहाराचे धान्य उंदरांपासून जपावे, कारण उंदरामागे साप येतो. शौचालयाची वाट मोकळी ठेवावी. जवळच्या केंद्रात लस उपलब्ध आहे काय, याची जूनमध्येच चौकशी करून दूरध्वनी क्रमांक दर्शनी भिंतीवर लिहावा. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले कोपीत भुईवर झोपतात. त्यांना निघण्यापूर्वी हा पाठ अवश्य द्यावा. खाटेवर झोपणे व मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचणे, हा मण्यारीवरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मांत्रिकाशी वैर धरू नये. सर्पदंशाच्या रुग्णास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र व गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे त्यांस शांतपणे सांगावे. परंतु कायद्याआधी स्नेह वापरावा. मी पुढे एका गावच्या भगतास म्हटले होते, “बाबा, मंत्र म्हणावयाचा असेल तर गाडीत बसून म्हणा. गाडी मात्र दवाखान्याकडे जाऊ द्या.” ते हसले, आणि पुढल्या वेळी खरोखरच गाडीत बसले. ती बाई वाचली. श्रेय कोणास द्यावे, याचा वाद मी घातला नाही.

शिक्षकाचा शब्द गावात आजही ऐकला जातो. तो वेळेवर उच्चारला गेला पाहिजे, एवढीच विनंती आहे. शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात हा पाठ घ्यावा आणि केंद्रसंमेलनात आपले अनुभव कळवावेत.