गाडी मिसिंग करते? आधी निदानाचे पैसे द्या

सेलूत गाडी झटके मारायला लागली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी प्लग बदला म्हणतो, कुणी टाकीत कचरा गेला म्हणतो, आणि सगळे खापर इथेनॉलवर फोडणारा तर दर टपरीवर भेटतो. पैसेही मग त्याच क्रमाने जातात: आधी प्लग, मग कॉइल, मग इंजेक्टर. सात-आठ हजार गेल्यावर कळते की उंदराने वायर कुरतडली होती. या दुरुस्तीतले सगळ्यात स्वस्त काम निदानाचे असते आणि नेमके तेच टाळले जाते.

पुढचे दर वॅगन आर, स्विफ्ट, आय-टेन अशा लहान पेट्रोल गाड्यांचे आणि अंदाजाचे आहेत. मॉडेल आणि दुकान बदलले की थोडे खालीवर होणारच.

आधी डॅशबोर्डवरच्या पिवळ्या चेक लाइटकडे पाहा. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो उघडमीट करत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते. कन्व्हर्टर तापून आतून वितळतो, आणि नव्याला वीस हजारांच्या पुढे, काही गाड्यांत त्याच्या दुप्पट पैसे पडतात. अशा गाडीने चाळीसेक किलोमीटरवरचे परभणी गाठायचे धाडस करू नका, जालना तर त्याहून लांब. विमा पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स घेतले आहे का ते पाहा. असेल तर ठरावीक अंतरापर्यंत गाडी ओढून नेण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

यानंतर स्कॅनर. बीएस-६ गाड्यांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, स्टिअरिंगखाली त्याचे सॉकेट असतेच. त्याआधीच्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांतही सापडते. गावातला मिस्त्री २०० ते ५०० रुपये घेतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हजारापर्यंत जाते. पी०३०१ आला तर पहिला सिलिंडर मिस होतो, पी०३०२ म्हणजे दुसरा. पी०३०० म्हणजे एकच असा नाही, कुठलाही. पहिला सिलिंडर बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूचा असतो. कोडवरून सिलिंडर कळतो, खराब पार्ट नव्हे. “स्कॅनर म्हणतो कॉइल गेली” असे कुणी सांगितले तर तिथेच थांबवा.

आता बिनपैशांची परीक्षा. दुसऱ्या सिलिंडरवर कोड असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवायची, कोड पुसायचा आणि गाडी थोडी चालवायची. कोड तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिला तर हाच खेळ प्लगशी. पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे, कुठल्याही गॅरेजात होते. हे न करता चारही कॉइल बदला म्हणणाऱ्याकडून गाडी परत घ्या. चालू इंजिनात कॉइल उपसून पाहायची जुनी सवयही सोडायला लावा. मिस्त्रीला झटका बसतो आणि पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. तपासायचेच असेल तर इंजेक्टरचे सॉकेट काढावे.

साधा प्लग १०० ते २५० रुपयांना येतो आणि तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो. इरिडियमचा ५०० ते ९०० रुपयांना पडतो, पण लाखाच्या आसपास टिकतो. प्लग संचानेच बदला. कॉइल मात्र एकच बदलली तरी चालते: ओरिजिनल १,२०० ते २,५०० रुपये. डुप्लिकेट निम्म्यात मिळते, पण इथल्या उन्हाळ्यात तिचा भरवसा धरू नका. प्लगच्या खळग्यात ऑइल साचलेले दिसले तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे. ते मजुरीसह हजार-दीड हजारात होते. तसेच ठेवले तर नवी कॉइलही जाईल. गाडी नुकतीच प्रेशरने धुतली असेल तर खळग्यात पाणीही असू शकते. ते सुकवायला काहीच लागत नाही.

उंदीर हा आपल्या भागाचा खास विषय. घरात, गोदामात कापूस भरला की ते येतात आणि त्यांना गाडीचे गरम इंजिन आवडते. कॉइल-इंजेक्टरच्या वायरी बॅटरी लावून नीट पाहायला सांगा. एखादी जोडायला तीनशे ते हजार रुपये लागतात. संपूर्ण वायरिंग बदलायचे म्हटले तर पंधरा हजारांच्या पुढे जाते, म्हणून आधी जोडणीच करून पाहा.

इंजेक्टरची सफाई ८०० ते २,००० रुपयांत होते. स्कॅन आणि अदलाबदल झाल्याशिवाय ती करू नका. पेट्रोल भरल्या भरल्या सगळेच सिलिंडर बिघडले तर टाकीत पाणी गेल्याची शंका घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेते, एवढ्यापुरती टपरीवरची तक्रार खरी आहे. पंपाचे बिल जपून ठेवा. सीएनजीवर मिस करते आणि पेट्रोलवर नीट चालते अशी गाडी असेल तर आधी प्लग-कॉइलच पाहा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोराची लागते.

हे सगळे नीट निघाले तरच कॉम्प्रेशन तपासा. मजुरी ३०० ते ६०० रुपये. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. कूलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर येत असेल तर गॅस्केटवरच संशय घ्या. हेड उतरवण्याचे काम आठ ते पंचवीस हजारांचे, म्हणून इथे दुसऱ्या मिस्त्रीचे मत जरूर घ्या. गाडी जुनी असेल आणि रिंगाही गेल्या असतील तर तिची बाजारातली किंमत आधी विचारा.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्लगही नाही आणि कॉइलही नाही. तिथे इंजेक्टरची लीक-बॅक चाचणी आधी करून घ्या. एक इंजेक्टर दहा-वीस हजारांचा असतो.

काम ठरवताना अंदाजपत्रक कागदावर मागा, जुना पार्ट परत घ्या आणि पक्के बिल सोडू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. बिलात २८ दिसले तर विचारा. न बदललेल्या पार्टचे पैसे लावले असतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तेवढ्याने भागले नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही.