आवाज का बदलला?

माळेगावच्या जत्रेत 'येळकोट येळकोट' करून घसा बसतो. पडशानेही आवाज घोगरा होतो. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. घशाला विसावा द्यावा. चार-आठ दिवसांत बरे वाटते. भिण्याचे कारण नाही. घोगरेपणा तीन आठवडे राहिला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. तंबाखू खाणाऱ्याने तर नक्कीच दाखवावे.

पण कधी कधी घसा चांगला असतो. दुखणे मेंदूत किंवा नसांत असते. विहिरीवरचा पंप चांगला आहे, पण तार तुटली, तर पाणी येईल का? तसेच हे आहे. मेंदू हुकूम देतो. नसा तो जिभेला आणि घशाला पोचवतात. हुकूम पोचला नाही, की बोलणे बोबडे होते. आवाज नाकातून येतो. घास अडकतो.

एकाएकी बोलणे बोबडे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो लकवा समजावा. यांतले एक लक्षणही पुरे. लोक म्हणतात, "वारं गेलं, तेल चोळा." त्यात वेळ जातो. रक्ताची गुठळी अडकून लकवा झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते. ते साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून केव्हा सुरू झाले ती वेळ ध्यानात ठेवा. लगेच १०८ वर फोन करा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

नसांचा दुसरा एक आजार आहे. त्याला जीबीएस म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची साथ आली. काहींना आधी जुलाब झाले. मग पायांतली ताकद गेली. या आजारात कधी गिळता येत नाही, श्वासही अडतो. उपचाराने बहुतेक लोक बरे होतात. पण दवाखाना लवकर गाठावा लागतो. पाणी उकळून प्यावे.

कंपवात हळूहळू येतो. आवाज बारीक होतो, हात कापतो. त्यावरही औषध आहे.

एक गोष्ट विसरू नका. गिळता येत नसेल, त्याच्या तोंडात पाणी, दूध, गोळी काही घालू नका. ते श्वासनळीत जाते. माया म्हणून पाजलेले पाणी जिवावर बेतते.

प्रश्न :
१. लकवा कसा ओळखाल?
२. वेळ का ध्यानात ठेवावी?
३. रोग्याला पाणी का पाजू नये?