तो नुसता उभा होता

शाळेतून बोलावणं आलं, की आपणा आईबापांच्या तोंडी एक वाक्य तयारच असतं. "आमचा तसा नाहीये हो, तो नुसता तिथे उभा होता." मीही हेच म्हणाले होते. सातवीच्या पाच-सहा मुलांनी एका अबोल मुलाचा चष्मा लपवला. तो भिंत चाचपडत चालू लागला तसे सगळे हसले. त्या हसणाऱ्यांत माझा मुलगा होता.

त्या रात्री मी विल्यम गोल्डिंगची १९५४ सालची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' पुन्हा वाचायला घेतली. जी. ए. कुलकर्णींनी ती मराठीत आणली आहे, मिळाली तर जरूर वाचा. विमान कोसळून काही इंग्रज शाळकरी मुलं निर्जन बेटावर अडकतात. मोठं माणूस एकही नाही. आधी सभा भरतात, शंख ज्याच्या हाती त्यानेच बोलायचं असं ठरतं. मग शिकार, मग रंगवलेले चेहरे. तोंडाला माती-कोळसा फासला की शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक याची लाज गळून पडते. सगळ्यांना भीती असते ती एका श्वापदाची. ते आपल्याच आत आहे, हे काठीवर खोचलेल्या, माशा घोंगावणाऱ्या डुकराच्या डोक्यासमोर बसलेल्या सायमन नावाच्या मुलाला कळतं. डोंगरावर दिसलेलं 'श्वापद' म्हणजे पॅराशूटला लटकलेलं प्रेत आहे, हे सांगायला तो धावत येतो आणि वादळी रात्री नाचणारी मुलं त्यालाच श्वापद समजून मारतात.

मी थबकते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळी. राल्फ आणि पिगी ही त्यातली शहाणी मुलं, पण नाचात तीही होती. पिगी म्हणतो, अंधार होता, आपण कडेला होतो. जुळे भाऊ म्हणतात, आम्ही लवकर निघालो. नुसते उभे होतो, दुसरं काय!

आणखी एक प्रसंग. त्यांच्यातलाच रॉजर नावाचा मुलगा लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवतीच्या काही हात जागेत दगड टाकायला त्याचा हात धजत नाही, कारण आईबाप, शाळा, पोलीस यांचा धाक अजून त्या हातात शिल्लक असतो. पुढे हाच रॉजर पिगीवर शिळा ढकलतो. गोल्डिंग स्वतः मुलांच्या शाळेत शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढले होते. त्यांनी हे हवेतून काढलेलं नाही.

तरी त्यांचं सगळंच मला पटत नाही. १९६५ मध्ये टोंगाची सहा मुलं खरोखरच अटा नावाच्या ओसाड बेटावर अडकली. वर्षाहून जास्त काळ त्यांनी चूल विझू दिली नाही, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून त्याची कामं वाटून घेतली. मुलं असंही वागतात. म्हणून तर विचारायला हवं.

मी मुलाला एवढंच विचारलं, "तो चाचपडत होता तेव्हा तू हसलास का?" बराच वेळ गेला. मग तो "हो" म्हणाला. संध्याकाळी आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो.

तुमच्या मुलालाही एकदा विचारा. "हो" आलं तर ओरडू नका. जवळ बसा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.