*स्पार्क प्लग: ग्रास कटरचा वेगळा, टर्बो गाडीचा वेगळा*



पाऊस उघडला, बागेतली बेणणी सुरू झाली, मोहोराच्या फवारण्याही जवळ आल्या. याच दिवसांत ग्रास कटर आणि एचटीपी पंप रुसतात. अलीकडे बऱ्याच सभासदांकडे छोट्या टर्बो पेट्रोल गाड्याही आल्यात. "पेट्या भरून फोंडा घाट चढताना गाडी झटके देते, काय करू?" अशी विचारणा होते. दोन्हीकडे आधी बघायची वस्तू एकच: स्पार्क प्लग. (डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतो, त्यांनी पुढचं वाचून ठेवलं तरी चालेल.)

*1) गॅप म्हणजे काय?*
प्लगच्या मधल्या टोकातून बाजूच्या वाकड्या पट्टीवर ठिणगी उडते. या दोघांतलं अंतर म्हणजे गॅप. गॅप फार कमी असला तर ठिणगी बारीक पडते आणि इंजिन मंद चालताना अडखळतं. फार जास्त असला तर ठिणगी पोचतच नाही.

*2) टर्बोला गॅप कमी का?*
टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. आत दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. व्हाळाला पाणी चढलं की आपण अरुंद जागा बघूनच उडी मारतो, तसंच हे. म्हणून बिगर-टर्बो गाडीत 1.0 ते 1.1 मिमी गॅप चालतो, तर अनेक टर्बो गाड्यांत तो 0.7 ते 0.8 मिमीच्या आसपास असतो. *आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा लावू नका.*

सपाटीवर गाडी ठीक चालते आणि घाटातच झटके देते, त्याचं कारणही हेच. चढावर टर्बोचा दाब सर्वांत जास्त असतो. प्लग झिजून गॅप वाढला असेल तर दोष तिथेच दिसतो. तसंच दामटलं तर इग्निशन कॉइलवर ताण येऊन ती जळू शकते. इंजिनचा दिवा *लुकलुकत* असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. हा खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे. वेग कमी करा, जागा बघून थांबा.

*3) प्लग निवडताना*
उदाहरणार्थ एनजीकेचा बीपीआर6ईएस. होंडा जीएक्स160 इंजिनला हा चालतो, गॅप 0.7 ते 0.8 मिमी.
▪️ *बी* = 14 मिमी आटे
▪️ *आर* = आत रेझिस्टर. टर्बो गाडीत हा हवाच, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला त्रास होतो.
▪️ *6* = हीट रेंज
▪️ *ई* = आट्यांची लांबी 19 मिमी. आखूड आट्यांच्या इंजिनात लांब प्लग घातला तर तो पिस्टनवर आपटू शकतो.

हीट रेंज म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते. प्लगचं टोक साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी धरते. त्यावर गेलं तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनला भोक पडू शकतं. *लक्षात ठेवा:* एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलट, आकडा मोठा म्हणजे गरम. नुसता आकडा जुळवून कंपनी बदलू नका. कंपनीने दिली तशीच गाडी असेल तर मॅन्युअलमधलाच प्लग घाला. ट्यूनिंग करून टर्बोचा दाब वाढवलेला असेल तरच एक पायरी थंड प्लगचा विचार, तोही जाणकाराला विचारून.

*4) गॅप लावायची पद्धत*
✅ इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगभोवतीची माती फुंकून काढा, मगच खोला.
✅ फीलर गेज घ्या. 0.7 चं पान किंचित अडकत जायला हवं, 0.8 चं जाता नये (गॅप 0.7 हवा असेल तर).
✅ फक्त बाजूची पट्टी वाकवा. मधल्या टोकावर जोर नको.
✅ आटे हाताने बसवा. वॉशर टेकल्यावर पान्याने नवीन प्लग अर्धा फेरा, जुना 1/8 ते 1/4 फेरा. याहून जास्त आवळला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

ग्रास कटरला हॅक्सॉच्या पानाची पाठ (साधारण 0.65 मिमी) लावून गॅप बघायची जुनी युक्ती अडीनडीला ठीक. होंडा जीएक्स35 ला 0.6 ते 0.7 मिमीच लागतो. *पण टर्बो गाडीच्या इरिडियम प्लगला पान, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश काही लावू नका.* त्याचं टोक अर्ध्या मिमीएवढं बारीक असतं, मोडतं. तो गॅप लावूनच येतो. फक्त मोजा, फार वेगळा निघाला तर प्लग बदलून घ्या. खाली पडलेला प्लग वापरू नका.

*5) जुना प्लग काय सांगतो?*
🟤 बदामी: सगळं ठीक.
⚫ कोरडी काळी काजळी: एअर फिल्टर तुंबलाय किंवा पेट्रोल जास्त जातंय.
💧 ओला, तेलकट: टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जास्त पडलं. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिली, 1:25 म्हणजे 40 मिली.
⚪ पांढरा, फोड आलेला: फार गरम. मशीन लगेच बंद करा.

*6) आपल्या किनाऱ्यावर विशेष*
खाऱ्या हवेने प्लगच्या टोपीतली स्प्रिंग गंजते. प्लग नवा घालूनही मशीन चालू होत नसेल तर आधी टोपी बघा. पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका.

⚠️ ग्रास कटरच्या पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. पेट्रोल सांडलेल्या जागी ठिणगी तपासू नका. प्लग बिलावरच घ्या, नकली माल बाजारात असतो.

फीलर गेज कार्यालयात ठेवलाय. न्या, वापरा, दुसऱ्या दिवशी परत आणून द्या. काढलेल्या प्लगच्या टोकाचा स्पष्ट फोटो, मशीनचं नाव आणि प्लगवरचा नंबर पाठवलात तर बघून सांगू.