वैद्यकीय संशोधनासाठी अनुदान : अर्ज कसा लिहावा?

सन १९११ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेचे १९४९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद असे नामांतर झाले. वैद्यकीय महाविद्यालये व संशोधन संस्था यांना ही परिषद अनुदान देते. निधी मर्यादित असल्याने अर्जांची छाननी कसोशीने होते. विषय महत्त्वाचा असूनही अर्ज नामंजूर होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे त्यातील प्रश्न नेमका नसणे.

माकडतापाचे उदाहरण घेऊ. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये प्रथम आढळलेला हा विषाणुजन्य रोग गोचिडीच्या चाव्याने होतो. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याची लागण झाली. काजूचा हंगाम आणि या तापाचे दिवस एकच. बागेत न गेल्यास मजुरी बुडते, गेल्यास गोचिडीचे भय.

‘माकडतापाचे निर्मूलन’ एवढ्या व्यापक विषयाचा अर्ज टिकणे कठीण; कारण ठरलेल्या मुदतीत काय साधले, हे मोजता येत नाही. याउलट, ‘प्रचलित गोचीडप्रतिबंधक तेलाऐवजी नवे तेल लावल्यास मजुरांच्या अंगावर गोचिडी कमी आढळतात काय?’ हा प्रश्न एका हंगामात तपासता येतो. ‘प्रचलित तेलाऐवजी’ हे शब्दही हेतुपुरस्सर आहेत. तुलनेसाठी काही मजुरांना संरक्षणाविना जंगलात धाडणे नीतीला धरून होणार नाही.

प्रश्न निश्चित झाला, की अर्जाचे उर्वरित भाग त्यातूनच निघतात. किती मजूर निवडावयाचे, ही संख्या संख्याशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने ठरवून तिचे गणित द्यावे. या विषयावर पूर्वी झालेले काम व त्यातील उणीव थोडक्यात सांगावी. अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेला कार्यपद्धतीत आधार असावा. पद्धतीत उल्लेख नसलेले यंत्र खर्चात दिसल्यास परीक्षकाला शंका येते. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आवश्यक असते. संमतिपत्र मजुराला समजेल अशा मराठीत वा कोकणीत असावे आणि निरक्षराला ते साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावे. या कामी गावच्या शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते.

शेवटी, अर्ज पाठविण्यापूर्वी तो अन्य विषयाच्या जाणकारास वाचावयास द्यावा. संशोधनाचा प्रश्न त्याला एका वाक्यात सांगता आला नाही, तर दोष वाचकाचा नव्हे. अर्ज पुन्हा लिहावा.